जब्बारभाईंनी शनिवारी येऊ नये

श्रमरंग सभागृहाच्या दारातल्या काळ्या फळ्यावर पुढचे कार्यक्रम खडूनं लिहायचे असतात, आणि तो खडू मंडळाचे सचिव आप्पासाहेब स्वतःच्या खिशात ठेवतात. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं सुपरवायझरकी केली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सुपरवायझर काही सुटला नाही. कामगार वसाहतीतलं हे तीनशे बारा खुर्च्यांचं सभागृह त्यांच्या हाती आल्यापासून तिथं शिट्टी मारायलाही अर्ज लागतो, असं लोक म्हणतात. लोक वाढवून सांगतात. अर्ज फक्त नाचायला लागतो.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी फळ्यावर दोन कार्यक्रम होते. शनिवारी सायंकाळी सहाला 'स्वरस्मरण', म्हणजे इंद्रधनू ऑर्केस्ट्राचे संस्थापक कै. इंद्रजीत खरात यांना संगीतमय आदरांजली. रविवारी सायंकाळी सहाला 'पोट धरून', म्हणजे पुण्याच्या विनोदी कलाकारांची मैफल. रविवारच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, रडणारी मुलं आणू नयेत.

जब्बारभाईंनी स्कूटर स्टँडवर लावली आणि फळा दोनदा वाचला. मग ते आत गेले. आप्पासाहेबांनी खणातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. पाकिटात एकच पास होता, रविवारचा. चौथी रांग, अकरा नंबर.

"शनिवारचा राहिला," जब्बारभाई म्हणाले.

"राहिला नाही, ठेवला," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी सभेच्या इतिवृत्ताची वही उघडली. "परवा सभा झाली. ठराव क्रमांक सात, वाचतो. शनिवारच्या आदरांजलीच्या कार्यक्रमास श्री. जब्बारभाई यांनी उपस्थित राहू नये, अशी त्यांना नम्र विनंती करण्यात यावी. सूचक मी. अनुमोदन एकमतानं."

एखाद्या माणसाला एकमतानं येऊ नको म्हणण्यासारखं त्यानं काय केलं असेल, असा प्रश्न कोणालाही पडेल. तर जब्बारभाईंनी काही केलेलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांना हसता येत होतं.

रोशन गेटजवळ त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. वय त्रेसष्ट, अंगानं काटक, आणि चेहरा इतका गंभीर की मशीन उघडून ते नुसते आत बघायला लागले, तरी टेलर लोकांना वाटतं, आता हिचं काही खरं नाही. घरात, दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर या माणसाला हसताना कोणी पाहिलेलं नाही. पण सभागृहात खुर्चीवर बसून एखादी गोष्ट त्यांना भिडली की आधी खांदे हलायला लागतात. आवाज नसतो. शेजारच्याला वाटतं, उचकी लागली. मग बरेच दिवस बंद पडलेल्या हापशासारखी घशातून कोरडी खडखड येते, आणि मग एकदम धार लागते. ती धार ऐकली की उरलेली तीनशे अकरा माणसं कशाला हसायचं ते न विचारता हसतात. शेवटी जब्बारभाई स्वतःलाच हळू आवाजात "बस, बस, बस" म्हणतात, डोळे पुसतात आणि पुन्हा शिलाई मशीनवाले होतात.

ही देणगी वाया जाऊ देतील तर ते आप्पासाहेब कसले. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी ठरवून टाकलं, विनोदी कार्यक्रम असला की चौथी रांग अकरा नंबर जब्बारभाईंची. पहिल्या रांगेत बसवलं तर आवाज स्टेजकडेच राहतो, मागं बसवलं तर पुढच्यांच्या माना वळतात. चौथ्या रांगेतून तो सगळीकडे सारखा पसरतो. हे त्यांनी आठवडाभर वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवून तपासलं होतं. आता पुण्यामुंबईचे कलाकार माईक तपासायच्या आधी पडद्याच्या फटीतून अकरा नंबर तपासतात.

पण हे हसणं शोधलं आप्पासाहेबांनी नव्हे. ते शोधलं इंद्रजीतनं.

इंद्रजीत पहिल्यांदा दुकानात आला तो ऑर्केस्ट्राच्या मोठ्या ढोलाचं पायानं मारायचं पॅडल घेऊन. त्याची स्प्रिंग तुटली होती आणि संध्याकाळी कार्यक्रम होता. जब्बारभाईंनी जुन्या मशीनची स्प्रिंग काढून तिथं बसवली. इंद्रजीतनं दुकानातच पाय मारून बघितला आणि म्हणाला, "जब्बार, आता आमचा ठेका सरळ शिवण घालणार." तेव्हापासून ते दोस्त झाले. कुठं बाहेरगावी कार्यक्रम असला की दुकान लवकर बंद करून जब्बारभाई टेम्पोत बसायचे. स्पीकर उचलायचे, वायरी गुंडाळायचे. कोणी विचारलं की इंद्रजीत सांगायचा, हे आमचे इंजिनिअर.

असेच एकदा ते लासूर स्टेशनला लग्नात गेले. इंद्रजीत आणि त्याची बायको सुलेखा सलग तीन तास गात होते. मग यजमान स्टेजजवळ आले, हात जोडून म्हणाले, अजून दोन गाणी म्हणा. इंद्रजीत खुलला. म्हणाला, आवडली का? यजमान म्हणाले, आवडायचं नंतर बघू, अजून साठ पाव्हणे जेवायचे राहिलेत, तुम्ही गायला लागला की दहा-वीस उठून जातात, दोन गाणी अजून म्हणली तर जेवण पुरतंय.

इंद्रजीतनं माईक उचलला आणि ती दोन गाणी जीव तोडून म्हटली. पन्नास पाव्हणे उठले. जेवण पुरलं, फक्त ऑर्केस्ट्रापुरतं उरलं नाही. मग सगळे स्टेशनवर बाकड्यावर बसून भजी खात होते. इंद्रजीत भजं फुंकत एकदम म्हणाला, "अजून एक गाणं म्हटलं असतं तर आपल्याला निदान वरण मिळालं असतं." तिथं जब्बारभाईंचे खांदे हलायला लागले. फलाटावरची माणसं, हमाल, चहावाला, कोणाला काही माहीत नसताना सगळे हसत सुटले. इंद्रजीत त्या माणसांकडे बघत राहिला. "हे स्टेजवर सांगायचं," तो म्हणाला.

सव्वीस वर्षं त्यानं ते स्टेजवर सांगितलं. प्रत्येक कार्यक्रमात, सहाव्या गाण्यानंतर. 'दोन गाणी अजून म्हणली तर जेवण पुरतंय' म्हणून झालं की तो थांबायचा आणि जब्बारभाईंकडे, म्हणजे या सभागृहात असला तर चौथ्या रांगेकडे, बघायचा. खरं सांगायचं तर विनोद बेताचाच होता. दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काही नव्हतं. पण जब्बारभाईंना दर वेळी ती दोन गाणी जीव तोडून म्हणणारा इंद्रजीत दिसायचा, आणि हापसा सुरू व्हायचा. लोकांना वाटायचं, काय हा माणूस, त्याच विनोदाला किती हसतो. तो विनोदाला हसतच नव्हता.

आता दुसरी गोष्ट. ती फार थोड्यांना माहीत होती. जब्बारभाई रडायला लागले तरी आवाज तोच येतो.

खांदे तेच, खडखड तीच, धार तीच. फरक एवढाच की हापशाला खरंच पाणी येतं. लेकीच्या लग्नात हे उघड झालं. जन्नतला जालन्याला दिली. रुक्सतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी ती गळ्यात पडली आणि जब्बारभाईंचा बांध फुटला. अर्धा मांडव हसायला लागला. व्याह्यांनी तोंड वाकडं करून विचारलं, लेकीला एवढे कंटाळले होते काय? जन्नत सासरी गेली ती नाक फुगवून, आणि फहमिदानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, व्याह्यांची समजूत काढण्यात पुढचं वर्ष घालवलं. त्या दिवशी मांडवात सुलेखावहिनीही होत्या. त्यानंतर जब्बारभाईंनी चारचौघांत रडायचं सोडून दिलं.

ते निभावलंही असतं. पण मार्चमध्ये इंद्रजीत गेला. दुपारी जेवला, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. जब्बारभाई स्मशानाच्या फाटकापर्यंत गेले, आणि तोंडात रुमालाचा बोळा कोंबून लिंबाच्या झाडामागं उभे राहिले. नंतर लोक बोलले, एवढी दोस्ती होती म्हणे, डोळ्यात टिपूस नाही. ते जब्बारभाईंच्या कानावर आलं. वहिनींच्या कानावरही गेलंच असणार. त्यांना भेटायला जायचं म्हणून ते चार वेळा निघाले आणि चारही वेळा कोपऱ्यावरून परतले. वसाहतीतली घरं भिंतीला भिंत लागून. आत रडू फुटलं तर शेजारपाजारी काय म्हणतील? खरातांच्या घरात माणूस जाऊन महिना नाही झाला आणि आत हसण्याचे फवारे. मग महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार, आणि नंतर जायला तोंड राहिलं नाही.

असे आठ महिने गेले. रडणं आत तसंच होतं. म्हणून फळ्यावर शनिवारचं वाचलं तेव्हा जब्बारभाईंना वाटलं, आता गाणी चालू असतील, अंधार असेल, दोस्ताला नीट निरोप देता येईल. आणि हातात रविवारचा पास पडला.

"मी हसणार नाय, आप्पासाहेब," ते म्हणाले. "पाहिजे तर लिहून देतो."

"तुमच्या हसण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न दिसण्याचा आहे. गेल्या शोकसभेचं आठवतं का?"

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी वसाहतीतल्या एका जुन्या कामगार पुढाऱ्याची शोकसभा होती. जब्बारभाई मागच्या दारानं येऊन कडेला बसले आणि एकदा खोकले. एवढंच. तिसऱ्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती, ती चाळीस सेकंदांत फुटली. पुढाऱ्याचा मुलगा अजून आप्पासाहेबांना नमस्कार करत नाही.

"तुम्ही म्हणजे जेवणाच्या सुट्टीचा भोंगा," आप्पासाहेबांनी समजावलं. "भोंगा झाला की माणूस हात धुवायला उठतो. भूक असो नसो. त्यात भोंग्याचा दोष नाही."

"तो माझा दोस्त होता."

"म्हणून तर विनंती केली. दुसऱ्या कोणाला सरळ नोटीस काढली असती."

जब्बारभाईंनी पास खिशात घातला. मी हसायला नव्हे, रडायला येतोय, असं सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि आप्पासाहेबांनी ठराव क्रमांक आठ लिहायला घेतला असता.

घरी फहमिदा मेथी निवडत होती. तिनं पास बघितला, नवऱ्याचा चेहरा बघितला.

"शनिवार का नई दिए?"

"नई दिए."

"फिर भी जाओ," ती म्हणाली. "आठ महिने से निवाला गले के नीचे नई उतर रा तुमारे. मेरे कू दिखता नई क्या?"

"आवाज निकला तो?"

फहमिदानं विचार केला. ती उगाच धीर देणाऱ्यांतली नाही. "मुँह में सुपारी रखो," ती म्हणाली. "बडी वाली. रुक्सती में भी मैं बोली थी, तुम सुने नई."

शनिवारी पावणेसहाला जब्बारभाई सभागृहाच्या बाजूच्या दाराशी उभे होते. दारावर बन्सी होता. बन्सी सोयगावकडचा, बावीस वर्षं हेच दार सांभाळणारा. सभागृहाला दोन दारं आहेत, एक बाहेरचं आणि एक आतलं, मध्ये हातभर रुंदीची बोळ आणि जाड पडदा. आत जाणाऱ्याबरोबर उजेड आत जाऊ नये म्हणून ती सोय. जब्बारभाईंना त्या बोळीत उभं राहायचं होतं.

"तुम्हाला सोडू नको म्हणून लेखी पत्र आलंय मला," बन्सी म्हणाला.

"मग?"

"पत्र हाय. चष्मा घरी राह्यला." त्यानं दार अर्धं उघडलं. "पर आवाज नगं, भाई. माझी नोकरी हाय."

"सुपारी आहे," जब्बारभाईंनी सांगितलं आणि तोंड उघडून दाखवली.

बोळीत अंधार होता आणि पडद्याला धुळीचा वास. पडद्याच्या कडेनं, आतल्या दाराच्या फटीतून स्टेजचा अर्धा भाग दिसत होता. त्या अर्ध्या भागात इंद्रजीतचा हार घातलेला फोटो होता. फोटोत तो हसत नव्हता. पासपोर्टसाठी काढलेला फोटो मोठा करून घेतला होता, कारण हसतानाच्या सगळ्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते.

दीपप्रज्वलन झालं. आप्पासाहेब चोवीस मिनिटं बोलले. इंद्रजीतनं सभागृहाचं भाडं कधी थकवलं नाही, यावर त्यातली सहा गेली. मग गाणी सुरू झाली. नव्या पोरांनी बरी म्हटली. टाळ्या पडत होत्या, पण कशा, तर आजाऱ्याला भेटायला गेल्यावर माणूस हळू बोलतो ना, तशा. लोक खुर्चीत ताठ बसले होते. चौथ्या रांगेतली अकरा नंबर रिकामी होती. सभागृह भरलं होतं, मागं माणसं उभी होती, तरी तिथं कोणी बसलं नव्हतं. जब्बारभाईंनी पाच गाणी सुपारी न फोडता ऐकली. त्यांना वाटलं, निभावलं.

सहाव्या गाण्यानंतर सुलेखावहिनी माईकपाशी आल्या. सव्वीस वर्षं त्या इंद्रजीतच्या डाव्या हाताला उभं राहून गायल्या होत्या. आजही त्या डावीकडेच उभ्या राहिल्या, मधली जागा मोकळी ठेवून.

"सहाव्या गाण्यानंतर हे काय सांगायचे, ते तुम्हाला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "आज मी सांगते. मला त्यांच्यासारखं येत नाय."

आणि त्यांनी लासूर स्टेशनचं लग्न सांगितलं. तीन तास गाणं सांगितलं, यजमानांचे जोडलेले हात सांगितले. सपक सांगितलं, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं. "दोन गाणी अजून म्हणली तर जेवण पुरतंय," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

इंद्रजीत जिथं थांबायचा तिथंच थांबल्या. त्याच्यासारखं चौथ्या रांगेकडे बघितलं.

कोणी हसलं नाही. आदरांजलीत हसावं की नाही, कोणाला कळेना, आणि विनोद तर आधीच बेताचा. पहिल्या रांगेत आप्पासाहेबांचा जीव भांड्यात पडला. तीनशे माणसं रिकाम्या अकरा नंबरकडे बघत होती. वहिनींनी पुढचं गाणं सुरू करायला हवं होतं. त्या थांबूनच राहिल्या. सव्वीस वर्षांत त्या जागेवर एवढी शांतता कधी पडली नव्हती.

बोळीत जब्बारभाईंचे खांदे हलले. बन्सीला वाटलं, सुपारी अडकली. त्यानं पाठीवर हात ठेवला, तेवढ्यात खडखड आली, सुपारी पडद्यावर आपटून खाली पडली, आणि धार लागली.

आठ महिन्यांची धार होती. ती पडद्यातून, आतल्या दारातून सभागृहात गेली. मग मागं उभ्या असलेल्यांतला एक जण म्हणाला, "आले बघ," आणि सभागृह फुटलं. इतका वेळ ताठ बसून लोकांच्या पाठी भरून आल्या होत्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तबलेवाला तबल्यावर डोकं ठेवून हसला. इंद्रजीतच्या त्या विनोदाला एवढं हसू कधीच मिळालं नव्हतं. तो जिवंत असता तर लगेच अजून एक सांगून त्यानं सगळ्यावर पाणी ओतलं असतं.

जब्बारभाई बोळीत खाली बसले होते, गुडघ्यात डोकं घालून. बन्सीनं बॅटरी लावली, त्यांचा चेहरा बघितला आणि लगेच बंद केली. मग तोही शेजारी बसला. नोकरीचं त्याला आठवलं नाही.

मध्यंतराला पहिले आले ते आप्पासाहेब. बन्सी उठून उभा राहिला. आप्पासाहेब त्याच्याकडे न बघता जब्बारभाईंना म्हणाले, "ठरावाचा भंग झाला. ते मी नोंदवणार आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण कार्यक्रम उचलला. पाहुणे म्हणतात, अशी आदरांजली बघितली नाही. मंडळाचा विचार आहे, यापुढं आदरांजल्यांनाही तुम्हाला बसवावं. चौथी रांगच ठेवू."

"आणि माझ्या वेळी?" जब्बारभाईंनी डोळे पुसत विचारलं. "माझ्या वेळी कोणाला बसवणार?"

आप्पासाहेब विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि पुढच्या सभेच्या विषयांत तो लिहून घेतला.

ते गेल्यावर सुलेखावहिनी आल्या. स्टेजच्या मागून सभागृहाला वळसा घालून आल्या होत्या, धाप लागली होती. जब्बारभाई उभे राहिले.

"वहिनी, मी हसलो नाय," ते म्हणाले.

"ठाऊक हाय."

"लोकांना वाटलं..."

"लोकांना वाटू द्या. सव्वीस वर्षं स्टेजवरून मी तुमचं हसणं ऐकलंय, भाई. हसून झालं की तुम्ही बस, बस, बस म्हणता. आज म्हणला नाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "स्मशानात तुम्ही लिंबामागं होते. मी बघितलं. मला वाटलं, आज नाय तर उद्या येतील. रोज दुपारी वाट बघायची. आमच्या घरात मोकळेपणानं रडणारं कोणी नाय हो. सगळे मला धीर द्यायला येतात."

"भिंतीला भिंत आहे, वहिनी."

"मग असू दे की," त्या म्हणाल्या. "लोक हसले असते. ह्यांना हसलेलंच आवडायचं ना."

मध्यंतर संपल्याची घंटा झाली. वहिनींनी आतलं दार उघडलं आणि जब्बारभाईंना पुढं घालून, सगळ्यांच्या देखत, चौथ्या रांगेपर्यंत आणून सोडलं. लोकांनी पाय आखडून वाट दिली. दोघातिघांना त्यांना बघूनच हसू आलं. जब्बारभाई अकरा नंबरवर बसले. वहिनी स्टेजवर गेल्या, डावीकडे उभ्या राहिल्या.

"लासूरला म्हटलेली दोन गाणी," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या गाण्याच्या पहिल्याच ओळीला जब्बारभाईंचे खांदे हलले. या वेळी तोंडात सुपारीही नव्हती. आवाज झाला तसं आजूबाजूचे हसले. मग दहा नंबरवरच्या बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पलीकडच्याला कोपरानं खुणावलं. तो गप्प झाला, मग मागची रांग, मग तिच्यामागची. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा सभागृहात दोनच आवाज उरले होते, वहिनींचा आणि जब्बारभाईंचा. वहिनी जीव तोडून गात होत्या. जब्बारभाईंना कोणी गप्प केलं नाही, आणि कोणी साथही दिली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लोकांनी त्यांचं त्यांना एकट्याला करू दिलं.

साडेआठ वाजून गेले होते. बाहेर मंडळानं सगळ्यांसाठी मसालेभात केला होता आणि त्याचा वास आत येत होता. दोन्ही गाणी संपेपर्यंत एकही माणूस उठला नाही.